वाघिणीच्या चित्रावरची भिंत

गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. बँकेत अधिकारी आहे. वर्षभर रजा साठवतो आणि ती ताडोब्याच्या जंगलात खर्च करतो. येताना त्याने चौकटीत बसविलेले एक छायाचित्र आणले होते. पहाटेच्या वाटेवरून चालत येणारी वाघीण, आणि तिच्यामागे हिरवे रान नव्हे, तर जुन्या तैलचित्राच्या पाठीमागे असावी तशी मळकट सोनेरी, किंचित तडे गेलेली पार्श्वभूमी. चित्र देखणे होते यात शंका नाही. मी सहज विचारले, "ही कुठली माती रे?" तो हसून म्हणाला, "सर, ती माती नाही. ती भिंत आहे."

मग त्याने उलगडून सांगितले. जंगलाच्या कडेच्या एका गावात चुन्याचा गिलावा पोपडे धरून सुटत आलेली एका घराची भिंत होती. तिचे छायाचित्र त्याने काढून ठेवले होते. संगणकावर ते वाघिणीच्या छायाचित्रावर पातळ थरासारखे पसरले आणि वाघिणीच्या अंगावरून तेवढे पुसून घेतले. मूळ चित्र पाहण्याची इच्छा मी व्यक्त केली तेव्हा त्याने थोडे अनिच्छेनेच ते दाखविले. वाट तीच होती, वाघीणही तीच. पण मागे, बऱ्याच अंतरावर, सायकल हाताशी धरून एक माणूस थांबलेला होता. सायकलीला सरपणाची मोळी बांधलेली होती. वाघीण वाट सोडून जाईपर्यंत तो तसाच उभा होता असे माझ्या विद्यार्थ्याने सांगितले. "त्या सायकलने चित्र बिघडत होते, सर. ती काढली, आणि काढल्याची खूण दिसू नये म्हणूनही पोताचा उपयोग झाला."

मी छायाचित्रकार नाही. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले आणि त्यातही मुख्यतः शेतमालाच्या बाजारपेठा. तरीही या प्रसंगाने मला बरेच दिवस अस्वस्थ केले, आणि ज्या प्रश्नाला लोक 'कलेचा प्रश्न' म्हणून बाजूला सारतात तो पुष्कळ अंशी माझ्याच विषयाचा आहे असे मला वाटू लागले. वाचकांनी त्या दृष्टीने हे विवेचन पाहावे.

प्रथम ही प्रक्रिया काय आहे हे समजून घेतले पाहिजे. अंकीय छायाचित्र म्हणजे अखेर प्रत्येक बिंदूच्या उजळपणाची आणि रंगाची संख्या. एका चित्रावर दुसरे ठेवले की या दोन संख्यांचे काय करावयाचे हे संगणकाला सांगावे लागते. 'मल्टिप्लाय' या पद्धतीत त्यांचा गुणाकार होतो. शून्य आणि एक यांच्यामधील संख्यांचा गुणाकार मूळ संख्यांहून मोठा होऊ शकत नाही. म्हणून चित्र काळवंडत जाते. 'स्क्रीन' पद्धतीत याच्या उलट होऊन ते उजळते. 'ओव्हरले' आणि 'सॉफ्ट लाइट' या पद्धतींत वरच्या थराचा मध्यम करडा भाग खालच्या चित्राला हात लावीत नाही. त्याहून गडद आणि त्याहून फिकट भाग मात्र आपला ठसा उमटवितात. यावर थराची तीव्रता पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत खाली आणली, पोताचा मूळ रंग काढून टाकला आणि प्राण्याच्या अंगावरून तो मास्कने झाकला, म्हणजे पाहणाऱ्याला पोत दिसत नाही; त्याचा परिणाम तेवढा जाणवतो. जाणकार सांगतात की पोत चढविला आहे हे ओळखू येता कामा नये, यातच या तंत्राचे यश आहे. माझ्या मते प्रश्नाची सुरुवातही येथेच होते.

हे तंत्र नवीन आहे असे मात्र नाही. छायाचित्रणाला कलेच्या पंगतीत स्थान मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील 'पिक्टोरियल' पंथाच्या छायाचित्रकारांनी डिंक, रंगद्रव्ये आणि खरबरीत कागद वापरून आपली चित्रे कोळशाने किंवा कुंचल्याने काढल्यासारखी भासविली. त्याची प्रतिक्रिया म्हणून १९३२ साली कॅलिफोर्नियात अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन प्रभृतींनी 'एफ ६४' हा गट स्थापन केला आणि भिंगाला जे स्वच्छ दिसते ते तसेच छापावे असा आग्रह धरला. तेव्हा अंधारखोलीत तासन् तास खपून जे साधावे लागे, ते १९९४ साली फोटोशॉपमध्ये थरांची सोय झाल्यावर टेबलाशी बसून करता येऊ लागले. आज तर हातातील फोनवरही ते होते. तात्पर्य, पोताची हौस जुनी आहे. ती स्वस्त आणि अदृश्य झाली, एवढाच काय तो फरक. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा फरक क्षुल्लक वाटू शकत नाही. एखाद्या गोष्टीची किंमत शून्याजवळ आली की तिचा वापर कोठवर पसरेल हे करणाऱ्याच्या सद्भावनेवर अवलंबून राहत नाही.

कलेच्या स्वातंत्र्याला माझा विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. जहांगीरच्या दरबारातील उस्ताद मन्सूरने पक्षी रंगविले, तेव्हा मागचे रान त्याने मनाप्रमाणे गाळले किंवा सजविले. त्याला कोणी अप्रामाणिक म्हणत नाही. कारण ते चित्र हाताने काढलेले आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. छायाचित्राची गोष्ट वेगळी आहे. छायाचित्र पाहताना आपण नकळत एक करार करतो. त्या क्षणी, त्या जागी, भिंगासमोर हे होते, एवढे आपण गृहीत धरतो. वन्यजीवांच्या छायाचित्राला किंमत येते ती मुख्यतः या करारामुळे. पिंजऱ्यातील वाघाचे चित्र कितीही सुबक असले तरी रानातल्या वाघाच्या अंधूक चित्राची सर त्याला येत नाही, याचे कारण सौंदर्यात शोधून सापडणार नाही. रानातले चित्र ही एक साक्ष असते.

आपल्या देशात ही साक्षीची परंपरा मोठी आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला; जनावराचा पाय तारेला लागताच प्रकाशझोत पडून चित्र निघावे अशी योजना केली; आणि १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात रात्रीच्या वाघांची चित्रे जगापुढे ठेवली. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, ही गोष्ट अशा चित्रांतून स्पष्ट दिसते. आज देशातील व्याघ्रगणना याच तत्त्वावर उभी आहे. स्वयंचलित कॅमेऱ्यांत टिपलेल्या पट्ट्यांवरून वाघ ओळखले जातात आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधला जातो. २००६ च्या अंदाजात देशात १४११ वाघ होते. २०२२ च्या अंदाजात सरासरी ३६८२ आले, त्यांपैकी ४४४ महाराष्ट्रातले. या आकड्यांवर निधी ठरतो, क्षेत्रांच्या सीमा ठरतात आणि गावांचे भवितव्यही ठरते.

त्याआधी काय होत असे तेही विसरता कामा नये. पूर्वी गणना पाऊलठशांवरून होई, आणि राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात कागदोपत्री वाघ नांदत होते. २००५ च्या आरंभी उघडकीस आले की तेथे एकही वाघ उरलेला नाही; चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपविले होते. आकड्यांवर मोहक आवरण चढले होते आणि त्याखाली काय आहे हे पाहण्याची कोणाला निकड वाटली नव्हती. पोत चढविलेले छायाचित्र आणि सजविलेला आकडा यांत मला एक नाते दिसते. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याला हवे ते दाखविले जाते, आणि दोन्ही ठिकाणी तपासणीची गरज वाटेनाशी होते.

विश्वास कसा ढळत जातो याची उदाहरणे परदेशातही पुष्कळ आहेत. १९८२ च्या फेब्रुवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकविण्यात आले. आडवे चित्र उभ्या पानावर बसवावयाचे, एवढेच निमित्त होते. पण त्या मासिकाला दीर्घकाळ टीका सोसावी लागली. १९९४ साली अमेरिकन छायाचित्रकार आर्ट वुल्फ यांच्या 'मायग्रेशन्स' या ग्रंथातील बऱ्याच चित्रांत संगणकाने प्राण्यांची भर घातली असल्यावरून वाद उसळला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या जगप्रसिद्ध स्पर्धेतील २००९ च्या सर्वोच्च पारितोषिकाचे चित्र, फाटकावरून झेप घेणारा लांडगा, जानेवारी २०१० मध्ये बाद झाले. तो लांडगा बहुधा माणसाळलेला असावा, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. त्याच स्पर्धेत २०१७ साली गौरविलेले मुंगीखाऊचे चित्र २०१८ मध्ये बाद झाले. त्यातील प्राणी पेंढा भरलेला असावा असे तज्ज्ञांना आढळले. ज्या छायाचित्रकारांवर हे आक्षेप आले त्यांनी ते नाकारले, हेही नमूद केले पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "अहो, पेंढा भरलेला प्राणी कोठे आणि पार्श्वभूमीवरचा हलका पोत कोठे?" आक्षेप रास्त आहे. दोहोंना एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होईल. कोणतेही छायाचित्र अस्पर्श नसते. कॅमेऱ्यातील कच्च्या नोंदीवर प्रक्रिया केल्यावाचून चित्र उमटतच नाही. मद्रासचे एम. कृष्णन कृष्णधवल छायाचित्रे काढीत; रान काही कृष्णधवल नसते. मग पोतानेच काय घोडे मारले?

माझे उत्तर असे आहे. उजेड कमीअधिक करणे, कडा छाटणे, रंग काढून टाकणे या क्रिया भिंगासमोर जे होते त्याच्याच पोटातल्या आहेत, आणि पाहणाऱ्याला त्या बहुधा कळतात. पोत मात्र दुसऱ्या जागेचा, दुसऱ्या वेळेचा असतो. भिंत गावातली, वाघीण रानातली. दोन्ही मिळून जे दिसते ते कोठेच नव्हते. हे उघड सांगितले तर ती एक स्वतंत्र कलाकृती झाली, आणि तिचे स्वागत असो. न सांगता ती 'ताडोब्यातील वाघीण' या नावाने टांगली, म्हणजे साक्षीच्या नावावर कल्पनेची विक्री झाली.

येथे अर्थशास्त्र येते. १९७० साली जॉर्ज अॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मालाचा कस विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल बाजारातून निघून जातो आणि उरतो तो कमअस्सल. छायाचित्रांच्या बाजारात नेमके हेच घडते आहे. चार महिने एका ओढ्याकाठी बसून एक खरे चित्र मिळविणारा आणि चार तासांत टेबलाशी बसून त्याहून देखणे चित्र जुळविणारा, दोघांचे चित्र पाहणाऱ्याला सारखेच दिसत असेल, तर ओढ्याकाठी बसण्याचे कष्ट कोण घेईल? आणि घेतलेच, तर त्याच्या खऱ्या चित्राकडेही लोक संशयाने पाहतील. आता तर यंत्रबुद्धीने निर्माण केलेली, कोणत्याही रानात कधीही न घडलेली वाघांची दृश्ये फोनाफोनांतून फिरू लागली आहेत. अशा वेळी प्रामाणिक छायाचित्रकाराचे भांडवल म्हणजे विश्वास. तो त्याने स्वतःच्या हाताने सूक्ष्म पोतापायी खर्च करावा, हे शहाणपणाचे नाही.

परंतु माझ्या अस्वस्थतेचे मुख्य कारण बाजार हे नाही. ते कारण तो सायकलवाला आहे.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभाक्षेत्र सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटरचे, आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र सुमारे अकराशे चौरस किलोमीटरचे. या बफरमध्ये गावे आहेत, शेते आहेत, गुरे आहेत. आणि वाघही आहेत. सरपण, मोहफुले, तेंदूपाने यांसाठी माणसांना त्याच वाटांनी जावे लागते. उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम येतो तेव्हा पहाटे वाकून पाने खुडणाऱ्या बायकांवर हल्ले होतात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. वाघाबरोबर राहण्याचा खरा खर्च कोण भरतो, याचा हिशेब येथे उघडा पडतो. पर्यटनाचा आनंद शहराच्या वाट्याला येतो. जोखीम मात्र पाने खुडणाऱ्यांच्या.

अशा स्थितीत, मोळी बांधलेली सायकल धरून वाघीण जाण्याची वाट पाहणारा माणूस हा चित्रातील दोष होता काय? माझ्या मते त्या चित्रात तीच गोष्ट सर्वांत मोलाची होती. वाघ आणि माणूस यांनी एकच वाट वाटून घेतली आहे, आणि माणूस थांबला आहे, एवढे त्या मूळ चित्रात होते. त्याला पुसून त्याच्याच गावातल्या एखाद्या घराच्या भिंतीचे पोपडे शोभेसाठी वाघिणीमागे लावले गेले. गरिबाच्या भिंतीचा पोत आपल्याला हवा. भिंतीआडचा माणूस मात्र नको. माझ्या विद्यार्थ्याच्या मनात असा विचार नव्हता, हे मी जाणतो. तो सालस मुलगा आहे. पण अशी हजारो चित्रे घराघरांत, दिनदर्शिकांत, पर्यटनाच्या जाहिरातींत लागली, म्हणजे शहरातल्या मुलांच्या मनात जंगलाची जी प्रतिमा तयार होते तीत माणसाला जागा उरत नाही. पुढे हीच मुले अधिकारी होतात, मतदार होतात; आणि रानातल्या वाटेवर सायकल दिसली की त्यांना ती अतिक्रमण वाटते.

यात केवळ छायाचित्रकाराला दोष देऊन भागणार नाही. अमेरिकेतील, ब्रिटनमधील आणि आंतरराष्ट्रीय छायाचित्रण संघटनांनी २०१४ साली निसर्ग-छायाचित्रणाची एक समान व्याख्या स्वीकारली. चित्रात काही घालू नये, हलवू नये, काढू नये, असा तिचा दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. त्या दंडकाने माझ्या विद्यार्थ्याचे चित्र बाद ठरेल. पण तीच व्याख्या सांगते की मानवी खुणा चित्रात असू नयेत. अपवाद फक्त त्या निसर्गकथेचा अविभाज्य भाग असतील तेव्हाचा. प्राण्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलर चालते. माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेतलेल्या घुबडाचे किंवा करकोच्याचे उदाहरणही तिने दिले आहे. मग बफरमधील वाघाला हा अपवाद का लागू करू नये? तेथे माणूस हा निसर्गकथेचा अविभाज्य भाग नाही असे कोण म्हणेल?

"असले चित्र कोणत्या स्पर्धेत येणार, सर?" असे माझ्या विद्यार्थ्याने विचारले होते. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राने दिलेले आहे. मुंबईच्या आरे वसाहतीत, वारली वस्तीतील घरांमधल्या गल्लीतून रात्री जाणाऱ्या बिबट्याचे नयन खानोलकर यांनी काढलेले छायाचित्र २०१६ साली लंडनच्या त्याच स्पर्धेत नागरी विभागात विजयी ठरले. त्या चित्रात भिंती आहेत. पण त्या वरून चढविलेल्या नाहीत, जेथे होत्या तेथेच आहेत. बिबट्याचे अर्थपूर्ण चित्र काढण्यासाठी वस्ती पुसावी लागली नाही. वस्तीमुळेच ते अर्थपूर्ण झाले.

तेव्हा मागणे काय? बंदी हवी असे मी म्हणत नाही. बंदीने कला गुदमरते आणि खोटेपणा अधिक चतुर होतो. माझी मागणी लेबलाची आहे. औषधाच्या बाटलीवर आणि खाद्यतेलाच्या डब्यावर आत काय आहे हे लिहिणे आपण सक्तीचे केले. चित्राखाली एक ओळ लिहिणे काही कठीण नाही. ज्या चित्रावर पोत चढविला असेल किंवा ज्यातून काही काढले असेल, त्याखाली तसे स्पष्ट छापावे. सार्वजनिक पैशाने निघणाऱ्या दिनदर्शिका, माहितीपुस्तिका आणि शालेय पुस्तके यांत वन्यजीवांची चित्रे पोताविना आणि जागेच्या नोंदीसह असावीत. आपल्याकडील स्पर्धांनी मूळ कच्ची नोंद मागावी, आणि माणूस व वन्यजीव यांच्या सहवासाच्या चित्रांसाठी स्वतंत्र विभाग उघडावा. आणि एक साधी गोष्ट : छायाचित्रकाराच्या नावाखाली त्या दिवशीच्या वाटाड्याचे नावही, त्याची संमती घेऊन, छापावे. माग काढणारे डोळे आणि सांबराची धोक्याची हाक ओळखणारे कान बहुधा त्याचेच असतात.

माझ्या विद्यार्थ्याला हे सारे पटलेले नाही. पोताचे चित्र त्याच्या दिवाणखान्यात अजून टांगलेले आहे, आणि ते तेथे असण्याला माझी हरकतही नाही. घर त्याचे आहे. परंतु जाताना मी त्याच्याकडून मूळ चित्राची एक प्रत मागून घेतली. ती माझ्या टेबलावर आहे. घरी येणाऱ्यांना मी ती दाखवितो, तेव्हा त्यांचे लक्ष प्रथम वाघिणीकडे जाते. थोड्या वेळाने त्यांना सायकलवाला दिसतो, आणि मग प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो : "पुढे त्याचे काय झाले?" वाघीण रानात शिरली आणि तो घरी गेला, असे मी सांगतो. हा प्रश्न भिंत चढविलेल्या चित्रासमोर उभे राहून आजवर कोणी विचारलेला नाही.